कोयनेच्या काठाने: लाव्हाचे थर, जलाशय आणि भूकंपाच्या नोंदी

भूकंपशास्त्राचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात शिकवायचा आणि कोयनेला जायचे नाही, हे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसरात झालेला 6.3 परिमाणाचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप हा जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांमध्ये जगातील सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर आजतागायत तिथले भूकंप थांबलेले नाहीत. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी या भूकंपांच्या नोंदी संगणकावर उघडतात, तरंगांच्या वेळा मोजतात आणि आलेख काढतात. परंतु ज्या खडकातून ते तरंग आले तो खडक त्यांनी हाताळलेला नसतो आणि ज्या गावांखाली ते उगम पावले त्या गावांतील माणसांशी ते कधी बोललेले नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी, पावसाळा सरून घाटातील कातळ कोरडे झाल्यावर, आम्ही पुण्याहून निघालो. गाडी आणि मुक्कामाची व्यवस्था विद्यार्थ्यांनीच केली होती आणि ती चोख होती.

पहिला दिवस: पसरणी घाट आणि पाचगणी

वाई सोडून पसरणी घाटाला लागले की डोंगराच्या पायऱ्या स्पष्ट दिसू लागतात. एक उभा काळा कडा, त्यावर गवताची तिरपी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. प्रत्येक कडा म्हणजे लाव्हाच्या प्रवाहाचा घट्ट, टणक भाग, आणि प्रत्येक गवताळ पट्टी म्हणजे त्या प्रवाहाचा वरचा, पोकळ्यांनी भरलेला आणि लवकर झिजणारा भाग. ज्वालामुखी म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर शंकूच्या आकाराचा धुमसता पर्वत येतो. सह्याद्री तसा घडलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा प्रवाह आला. आज उरलेले हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापतात, आणि मूळचा विस्तार याहून बराच मोठा असावा असे मानले जाते.

घाटाच्या एका वळणावर गाडी बाजूला घेऊन आम्ही बराच वेळ एकाच ठिकाणी थांबलो, कारण तिथे दोन प्रवाहांमधील सांधा डोळ्यांच्या पातळीवर उघडा पडला होता. खाली करड्या, ठिसूळ झालेल्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकाचा, माथा होता. त्यावर वीतभर जाडीची विटकरी लाल मातकट पट्टी होती, जी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक कुजून तयार झालेली आणि नंतर वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघालेली होती. त्याच्यावर नव्या प्रवाहाचा काळाभोर तळ होता. त्या तळाशी बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसत होत्या. लाव्हाखाली अडकलेला वायू आणि वाफ वर सरकताना या नळ्या तयार होतात, आणि प्रवाह पुढे सरकत असल्यामुळे त्यांची वरची टोके प्रवाहाच्या दिशेने वाकतात. एका विद्यार्थिनीने एकेक नळीचा कल मोजून वहीत उतरवला आणि मग तो प्रवाह कोणत्या बाजूने आला असावा याचा अंदाज सर्वांसमोर मांडला. काही नळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरल्या होत्या आणि भिंगाखाली त्याचे पंख्यासारखे पसरलेले स्फटिक चमकत होते. त्या लाल पट्टीवर हात ठेवला की दोन उद्रेकांच्या मधली शांतता किती लांबली असेल हा प्रश्न आपोआप मनात येतो, आणि डायनोसॉरांच्या अस्ताशी दख्खनच्या ज्वालामुखीचा संबंध किती, या वादात नेमक्या याच प्रश्नाला मोठे महत्त्व आहे. लाव्हा थोडक्या काळात ओतला गेला असेल तर वातावरणावरील आघात मोठा, आणि मधे मोठे खंड पडले असतील तर तो विभागला गेलेला. त्या अस्तामागे मेक्सिकोतील चिकशुलूबचा उल्कापात होता, याचा पुरावा भक्कम आहे. तरीही त्या काळाच्या आसपास आपल्या पायाखालचा हा खडक वाहत होता, ही गोष्ट सह्याद्रीत फिरणाऱ्याने विसरू नये असे मला वाटते.

दुपारी पाचगणीच्या टेबललँडवर गेलो. इथे काळा बेसाल्ट संपतो आणि जांभा सुरू होतो. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधील विरघळणारे घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवले, त्यातून ही तांबूस, सच्छिद्र टोपी तयार झाली. वारा इतका बोचरा होता की वहीची पाने धरून ठेवावी लागत होती. मुक्कामी पोहोचल्यावर ताज्या स्ट्रॉबेरी आणि भाजलेले चणे समोर आले. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर नळ्यांच्या दिशेवरून झालेली चर्चा स्ट्रॉबेरी संपल्यावरही बराच वेळ चालू राहिली.

घाटात खडक पाहणाऱ्यांनी एवढे जरूर पाळावे: गाडी वळणावर उभी न करता रुंद जागा पाहून थांबवावी, दोघांनी फक्त रहदारीवर लक्ष ठेवावे, आणि सुटलेल्या दगडांच्या कड्याखाली हातोडी चालवू नये. सकाळी नऊच्या आत काम उरकले तर रहदारीही कमी लागते आणि तिरप्या उन्हात थरांमधील सांधे अधिक स्पष्ट दिसतात.

दुसरा दिवस: आंबेनळी घाट, जुने महाबळेश्वर आणि तापोळा

पहाटे दरीत धुके इतके दाट होते की प्रतापगडाचा माथा तेवढा वर दिसत होता. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट भूवैज्ञानिकांना जगभर परिचित आहे, कारण दख्खनच्या थरांच्या विभागणीत पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे खालून वर या क्रमाने येतात. हे गट नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. सगळा बेसाल्ट साधारण सारखाच काळा दिसतो. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण आणि इतर रासायनिक खुणा तपासल्यावर कोणता लाव्हा वर येताना भूकवचात अधिक मिसळला आणि कोणता जवळजवळ निर्भेळ आला, हे कळते. आंबेनळी गटाचा लाव्हा या बाबतीत बराच निर्भेळ समजला जातो.

या घाटाने विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त काय दिले असेल तर चुंबकत्वाचा प्रत्यक्ष अनुभव. लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. वाई परिसरातील बहुतेक थरांमध्ये ही दिशा आजच्या उलट आहे आणि महाबळेश्वरच्या अगदी वरच्या थरांमध्ये ती आजच्यासारखी आहे, म्हणजे हे थर साचत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले. होकायंत्र कातळाच्या एका उघड्या माथ्यावर टेकवले तेव्हा सुई सरकली आणि दोन पावले पुढे नेल्यावर पुन्हा जागेवर आली. वीज पडलेल्या बेसाल्टच्या माथ्यावर असे स्थानिक चुंबकत्व आढळते. म्हणून सह्याद्रीत दिशा मोजताना होकायंत्र खडकावर टेकवू नये, उंच धरावे आणि मोजमाप दोन जागी घ्यावे.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दर्शन घेऊन आम्ही नकाशा उघडला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम इथे मानला जातो. त्यांतील कोयनेचा मार्ग पाहण्यासारखा आहे. सह्याद्रीच्या माथ्याला समांतर ती जवळजवळ सरळ दक्षिणेकडे साठ-पासष्ट किलोमीटर जाते आणि हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेकडे वळते. नदी इतके अंतर अशी सरळ वाहते तेव्हा तिच्याखालच्या खडकात काही जुनी दुर्बल रेषा असावी अशी शंका भूवैज्ञानिकाला येतेच.

संध्याकाळी तापोळ्याला उतरलो. कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाचा हा उत्तरेकडचा भाग, आणि त्याचे धरण इथून पुष्कळ दूर दक्षिणेला. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांचे वडील मूळ गाव पाण्याखाली गेल्यावर वर सरकलेल्या पिढीतले. काका सांगत होते, "उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या जुन्या शेतांचे बांध दिसतात. आजोबांनी रचलेले दगड अजून जागेवर आहेत." मग त्यांनी आपण होऊन विचारले, "बाई, पाण्यानं भूकंप होतो हे खरं का? पाण्याच्या वजनानं?" त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी त्यांना दोन दिवसांनंतरच्या भेटीत मिळणाऱ्या पुराव्यासह द्यायला हवे होते, पण तांदळाची भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा खरडा समोर असताना जमेल तेवढे तिथेच सांगितले. वजनाचा वाटा असतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी खडकातील भेगांमधून खाली झिरपते आणि तिथल्या छिद्रांमधील पाण्याचा दाब हळूहळू वाढतो. आधीच ताणाखाली असलेल्या विभंगाच्या, म्हणजे खडकातील सरकू शकणाऱ्या भेगेच्या, दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. हा दाब ती पकड सैल करतो. ताण धरणाने निर्माण केलेला नसतो, तो भूकवचात आधीपासून असतो. जलाशय फक्त त्याच्या सुटण्याची वेळ अलीकडे आणतो. काकांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे कधीतरी होणारच होतं, ते पाण्यानं लवकर आणलं." याहून नेमक्या शब्दांत ते मलाही मांडता आले नसते.

तिसरा दिवस: बामणोली, कास, कराड

गाडी रस्त्याने पाठवून आम्ही लाँचने बामणोलीला आलो. पाणी आरशासारखे स्थिर होते. तिथून कासच्या पठारावर चढलो तेव्हा फुलांचा हंगाम संपला होता, पण त्यामुळे जांभ्याचा उघडा पृष्ठभाग आणि त्यातील उथळ खळगे मोकळेपणाने पाहता आले. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि दुपार उलटल्यावर महामार्गावरच्या एका धाब्यावर अख्खा मसूर आणि भाकरी जेवलो. कराडच्या बाजूला हा पदार्थ जसा मिळतो तसा पुण्यात मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. धरण बांधून संपले, वीज मुंबईला जाऊ लागली आणि नंतर भूकंप झाला, तो काळ ज्यांनी पाहिला अशी माणसे संध्याकाळी घाटावर फिरायला येतात. त्यांच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला सांगितले की त्या पहाटे कराडातही लोक रस्त्यावर आले होते. तो धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला होता.

चौथा दिवस: हजारमाची

कराडजवळ हजारमाची इथे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. माझ्या दृष्टीने या सहलीचा गाभा हाच दिवस होता. ज्यांना जायचे असेल त्यांनी संस्थेच्या अधिकृत पत्रासह पुरेसे आधी लिहून परवानगी घ्यावी. अचानक दारात जाऊन उभे राहण्याची ही जागा नाही.

कोयनेत खोल छिद्र कशासाठी घ्यायचे, हे आधी सांगितले पाहिजे. जगात जलाशयांमुळे चालना मिळालेले सहाहून अधिक परिमाणाचे मोजकेच भूकंप नोंदले गेले आहेत: चीनमधील शिनफेंगजियांग येथे 1962 मध्ये, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरील करिबा येथे 1963 मध्ये, ग्रीसमधील क्रेमास्ता येथे 1966 मध्ये, आणि आपले कोयना. बाकी ठिकाणी भूकंप काही वर्षांत ओसरले. कोयनेत मात्र 1967 पासून ते चालू आहेत, त्यांत पाचहून अधिक परिमाणाचे वीसपेक्षा जास्त आहेत, आणि हे सारे सुमारे 20 बाय 30 किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यात घडतात. 1985 मध्ये दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि 1993 च्या सुमारास हालचाल त्या बाजूलाही सरकली. आसपास दुसरा सक्रिय भूकंपप्रवण पट्टा नाही, नाभी, म्हणजे भूकंपांच्या उगमाच्या जागा, बहुतांश दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर आहेत, आणि तिथपर्यंत पोहोचणे निदान विचारात घेण्याजोगे आहे. भूकंप जिथे जन्मतो तिथे उपकरण नेऊन बसवायचे असेल तर यापेक्षा योग्य जागा जगात क्वचितच सापडेल.

आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक छिद्रे घेण्यात आली, आणि नंतर 2017 मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. प्रयोगशाळेत या छिद्रांतील कोअर, म्हणजे छिद्र घेताना बाहेर काढलेले खडकाचे दंडगोल, पेट्यांमध्ये ओळीने मांडलेले आहेत. पेट्या उघडल्या तशी मुले आपोआप हळू बोलू लागली. परवा घाटात पाहिलेले सारे काही इथे उभ्या दंडगोलात होते: काळा बेसाल्ट, पोकळ्या, हिरवट-पांढरे झिओलाइट, विटकरी लाल पट्टी, पुन्हा बेसाल्ट. आणि मग एका पेटीत काळा खडक संपला व त्याच्या पुढे करडा-गुलाबी, भरड दाण्यांचा ग्रॅनाइट सुरू झाला. ओल्या फडक्याने पुसल्यावर त्यातील फेल्डस्पारचे गुलाबी कण, पारदर्शक क्वार्ट्झ आणि अभ्रकाचे काळे पापुद्रे वेगवेगळे दिसले. एकाने बेसाल्टवर एक आणि ग्रॅनाइटवर दुसरे बोट ठेवले. त्या दोन बोटांच्या मधे दोनशे कोटींहून अधिक वर्षांचे अंतर असू शकते.

रासाटीच्या छिद्रात बेसाल्टची जाडी साडेनऊशे मीटरला थोडी कमी भरली, तर गोठण्याला ती साधारण 1,250 मीटर निघाली. जमिनीची उंची वेगवेगळी असल्यामुळे जाडीत हा फरक पडतो. तळ मात्र सगळीकडे समुद्रसपाटीखाली काहीशे मीटरवर बऱ्यापैकी सपाट आहे, म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची जमीन इथे फारशी उंचसखल नव्हती. लाव्हाखाली जुन्या गाळाच्या खडकांचे थर असतील का, हा पुष्कळ वर्षे अनुत्तरित राहिलेला प्रश्नही या छिद्रांनी सोडवला. इथे तसे थर नाहीत, बेसाल्ट थेट प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस या पट्टेदार खडकावर बसलेला आहे. आणि भूकंप बेसाल्टमध्ये नव्हे, त्याच्या खालच्या या खडकात होतात.

आम्हाला माहिती देणाऱ्या तरुण संशोधिकेने एक कोअर हातात दिला आणि त्यातील तिरकी भेग दाखवली. भेगेच्या पृष्ठभागावर घासल्याच्या बारीक समांतर रेघा होत्या. कधीतरी, कोणत्या तरी काळात, हे दोन तुकडे एकमेकांवरून सरकले होते. "भूकंप म्हणजे हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर," ती म्हणाली. काही छिद्रांमध्ये आता भूकंपमापक खोलवर बसवलेले आहेत. पृष्ठभागावरील वाहनांचा, वाऱ्याचा आणि पावसाचा गोंगाट तिथे पोहोचत नाही, म्हणून फार लहान भूकंपही स्वच्छ उमटतात.

दुपारनंतर मुक्कामी परतून विद्यार्थ्यांनी अध्यापनासाठी आमच्याकडे असलेल्या नोंदी लॅपटॉपवर उघडल्या. ही पद्धत वाचकांनाही करून पाहता येईल. नोंदीत आधी येते ती प्राथमिक तरंगाची बारीक थरथर, आणि काही सेकंदांनी दुय्यम तरंगाची ठळक, मोठी आंदोलने. ग्रॅनाइटमध्ये प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण सहा किलोमीटर आणि दुय्यम तरंग साडेतीन किलोमीटर धावतात. त्यामुळे दोहोंमधील प्रत्येक सेकंदाच्या फरकाला उगमापासून सुमारे आठ किलोमीटर अंतर धरता येते. फरक पाच सेकंद असेल तर भूकंप सुमारे चाळीस किलोमीटरवर झाला. एका केंद्रावरून फक्त अंतर कळते, दिशा नाही. म्हणून तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळे काढायची आणि ती जिथे एकमेकांना छेदतात ती जागा शोधायची. वर्तुळे कधीच एका बिंदूत मिळत नाहीत, एक छोटा त्रिकोण उरतो, आणि त्या त्रिकोणाच्या आकारावरून आपले मोजमाप आणि आपला भूकवचाचा नमुना किती विश्वसनीय आहे हे ठरते. त्या संध्याकाळी काढलेला त्रिकोण विद्यार्थ्यांना आधी मोठा वाटला. मग एकाने सकाळी पाहिलेला बेसाल्ट आठवून वरच्या एक किलोमीटरला वेगळा वेग दिला, आणि त्रिकोण आकसला. वर्गात मी हे अनेकदा सांगितले आहे. खडक हाताळून आलेल्या मुलाला ते स्वतःहून सुचले, याचा मला मनापासून आनंद झाला.

ज्यांना घरबसल्या सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी पायथॉन या संगणकीय भाषेतील ऑबस्पाय ही भूकंपाच्या नोंदी हाताळण्याची मोफत साधने उत्तम आहेत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आणि आपल्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची भूकंपांची यादी खुली आहे. यादी हाती आली की आधी तारखा जलाशयाच्या पातळीच्या आलेखावर ठेवून पाहाव्यात. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता यांनी काही दशकांपूर्वी दाखवून दिले की पाण्याची पातळी किती वेगाने चढते, किती उंच जाते आणि किती काळ तशी राहते यांचा कोयनेतील भूकंपांशी संबंध आहे. आठवड्याला बारा मीटरहून वेगाने पातळी चढली की पाचहून अधिक परिमाणाच्या भूकंपाची शक्यता वाढते, असे त्यांच्या अभ्यासात आढळले.

पाचवा दिवस: कोयनानगर

पाटण मागे पडले की दऱ्या अरुंद होत जातात. धरणाची उंची 103 मीटर, लांबी 800 मीटरहून थोडी अधिक, जलाशयाची क्षमता 105 टीएमसी. आकडे आधीच पाठ होते, परंतु समोर ती भिंत पाहिल्यावर ते वेगळे भासतात. धरणावर जाण्यास आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. नेहरू उद्यानातून मात्र ते चांगले दिसते. 1967 मध्ये धरणाच्या काही खंडांना वरच्या भागात, जिथे भिंतीची जाडी एकदम कमी होते तिथे, आडव्या भेगा पडल्या होत्या. धरणाच्या अंगातच बसवलेल्या उपकरणाने गुरुत्वीय त्वरणाच्या 0.63 पट इतके कमाल त्वरण नोंदवले, आणि ती नोंद पुढे जगभरातील धरण-अभियंत्यांनी अभ्यासली. धरण फुटले नाही. नंतर ते मागच्या बाजूने भक्कम करण्यात आले.

भूकंपाआधी दक्षिण भारताचे द्वीपकल्प म्हणजे स्थिर ढाल, इथे मोठा भूकंप होणे नाही, असे धरून चालत. वास्तविक 1963 पासूनच, पाणी साठू लागल्यानंतर, इथे जमिनीतून गडगडाटासह हादरे जाणवू लागले होते आणि त्यासाठी भूकंपमापकही बसवण्यात आले होते. 1967 च्या सप्टेंबरमध्ये पाचहून अधिक परिमाणाचा एक धक्का बसून गेला होता. डिसेंबरच्या त्या पहाटे सुमारे 180 माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली.

आम्ही ज्यांच्याकडे दुपारी जेवलो त्या आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील धरणाच्या कामावर होते. नाचणीची भाकरी थापता थापता त्या सांगत होत्या, "आदी आवाज आला. खालनं. मोठा ट्रक दारातनं जावा तसा. मंग भिंत भायेर पडली, आत न्हाई, म्हनून आमी वाचलो. आईनं धाकट्याला उचललं आन् आमी डोंगराकडं पळालो. धरण फुटलं, धरण फुटलं, असं समदी वरडत व्हती." थंडीत दिवस उजाडेपर्यंत ते वर बसून होते, पाणी येते का ते पाहत. मग कित्येक महिने कोणी छपराखाली झोपले नाही.

विद्यार्थ्यांकडे तीव्रतेची प्रश्नावली होती: भांडी पडली का, भिंतीला तडा गेला की ती कोसळली, उभे राहता येत होते का, आवाज आधी की हादरा आधी. परिमाण हे भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेशी निगडित असते आणि एका भूकंपाला एकच असते. तीव्रता मात्र प्रत्येक गावाची, प्रत्येक घराची वेगळी असते. तीव्रता आजही अशाच साक्षींवरून ठरवली जाते. आजींच्या "आदी आवाज"ला भौतिक अर्थ आहे. प्राथमिक तरंग जमिनीतून हवेत शिरला की त्याच्या जलद कंपनांचा काही भाग कानाला ऐकू येतो, आणि उगम जवळ व उथळ असेल तर ती कंपने वाटेत विरून जात नाहीत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर जड छप्पर, अशा घरांनी जास्त माणसे मारली. आजींचे आताचे घर हलक्या पत्र्याचे आहे, आणि ते तसे का आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा घेत असताना जमिनीखालून एक छोटा, घुमल्यासारखा आवाज आला आणि टेबलावरचे पेले किणकिणले. पुरते दोन सेकंदही नसतील. स्वयंपाकी आतून म्हणाला, "आला बघा," आणि पोळी उलटत राहिला. विद्यार्थ्यांनी क्षणात घड्याळे पाहून वेळ लिहून घेतली. रात्री नेटवर्क आले तेव्हा त्यांनी राष्ट्रीय यादी तपासली, पण एवढे लहान भूकंप त्यात बहुधा येत नाहीत. ते टिपण्यासाठी स्थानिक केंद्रांचे दाट जाळे लागते. मग उशिरापर्यंत ते आवाज आणि हादरा यांच्यातील अंतरावरून खोलीचा अंदाज बांधत बसले.

कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा हा परिसर असल्याने वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय खडकाचा नमुना उचलू नये आणि अंधार पडल्यावर पायी फिरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये नवजा आणि ओझर्डे धबधब्याच्या बाजूला पाऊस इतका असतो की खडक पाहणे अशक्य होते. धबधबा पाहायचा तर सप्टेंबर, खडक पाहायचा तर डिसेंबर. गावकऱ्यांकडून साक्षी नोंदवायच्या असतील तर आधी बसावे, चहा घ्यावा आणि प्रश्नावली नंतर काढावी. अनेक घरांत त्या पहाटे कोणीतरी गेलेले आहे.

सहावा दिवस: कुंभार्ली घाट

कोयनानगरहून चिपळूणकडे निघालो. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबलो तेव्हा हवा स्वच्छ होती आणि खाली कोकण लांबवर उघडे होते. याच उताराचा उपयोग करून कोयनेचे पूर्वेकडे जाणारे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडले जाते, वीज निर्माण होते आणि पाणी वाशिष्ठीला मिळते. 1999 मध्ये या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडण्यात आला, त्या कामाचे वर्णन विद्यार्थ्यांनी वाचून ठेवले होते.

घाट उतरताना एका विद्यार्थ्याने गणित मांडले. ग्रॅनाइटचा माथा जर समुद्रसपाटीखाली सुमारे तीनशे मीटरवर सपाट असेल, तर कड्याच्या पश्चिमेला, जमीन इतकी खाली उतरल्यावर, त्याच खडकापर्यंत पोहोचायला किती कमी बेसाल्ट भेदावा लागेल? काही शोधक छिद्रे कड्याच्या पश्चिमेला का घेतली गेली याचे एक कारण त्याने असे स्वतः शोधून काढले. चिपळूणला सुरमई आणि सोलकढीचे जेवण झाले आणि तिथून काही जण रेल्वेने, काही गाडीने परतले. वहीतील सगळ्या साक्षी, नळ्यांच्या दिशा आणि त्या संध्याकाळच्या हादऱ्याची वेळ आता एका नकाशावर उतरवण्याचे काम चालू आहे. स्थानिक जाळ्यावरील नोंद मिळावी म्हणून आम्ही विनंती पाठवली आहे, आणि ती मिळाली की मुलांनी पेल्यांच्या किणकिणीवरून बांधलेला अंदाज तिच्याशी ताडून पाहणार आहोत.